लाकडाचा देव आणि तताचा ओठ

"सर, अक्कलदाढ काढून टाकली की अक्कलही जाते का?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नव्हता. रोजिशा आणि पेमानं पैज लावली होती. भरल्या सभागृहात, माइकवरून, प्राचार्य पुढच्या रांगेत बसलेले असताना एवढं विचारून दाखव, रश्शातल्या झोल मोमोची प्लेट आमच्याकडून! गेल्या वर्षीची मी असते तर उभी राहतानाच घाम फुटून खाली बसले असते. पण यंदा आमच्या गल्लीच्या बाजनात, म्हणजे वाजवणाऱ्यांच्या मंडळीत, मला धा वाजवायला घेतलंय. एवढा मोठा ढोल पोटावर बांधून असनच्या बाजारातल्या गर्दीतून वाट काढली की माणूस कोडगा होतो, आणि मला कोडगं होणं भयंकर आवडलंय.

व्यासपीठावर दंतवैद्य होते डॉक्टर पुण्यरत्न. शाळेला डॉक्टर, आम्हाला पुण्य काका. बांच्या, म्हणजे वडिलांच्या, गुठीतले. म्हणजे सणाला एका पंगतीत बसणारे, आणि घरात कुणी गेलं की सगळ्यात आधी येऊन खांदा देणारे.

"अक्कल जाण्याची भीती ज्याच्याकडे ती आहे त्यानं बाळगावी," काका हसून म्हणाले. "तू निर्धास्त राहा, मैचा."

सगळं सभागृह हसलं. मीही हसले. त्यांना वाटलं, झालं, बसली मैचा, बसली पोरगी. रोजिशा मागून मोबाइलवर चित्रीकरण करत होती, नाहीतर पैज जिंकल्याचा पुरावा काय? "बंद नको करूस," मी तिला खुणावलं. का ते मलाच माहीत नव्हतं. काकांचं भाषण म्हटलं की माझे कान आपोआप टवकारतात. गेली दोन वर्षं टवकारलेलेच आहेत.

काका रंगात आले. पडद्यावर जबड्याचं चित्र आलं. अक्कलदाढ सगळ्यात शेवटी, साधारण तुमच्या वयात किंवा त्यानंतर येते. माणसाचा जबडा आखूड, त्यामुळे तिला जागा उरत नाही. मग ती आडवी पडते, पुढच्या दाढेला ढुशी देते, नाहीतर अर्धीच वर येते आणि हिरडीच्या कातड्याखाली अन्न अडकून सूज येते. सरळ आली, नीट घासता आली, तर तिला हात लावायचं कारण नाही. त्रास देत असेल तर काढायची.

"पण!" काकांनी बोट वर केलं. "खालच्या दाढेच्या मुळाजवळून एक नस जाते. खालच्या ओठाला आणि हनुवटीला स्पर्श कळतो तो तिच्यामुळे. म्हणून आधी एक्स-रे. मुळं नसेला टेकली आहेत का ते बघायचं, तसं असेल तर पेशंटला आधी सांगायचं, मगच हात घालायचा. जो डॉक्टर एक्स-रेशिवाय खालची अक्कलदाढ काढतो, त्याच्या दारातही उभं राहू नका."

माझी जीभ नकळत मागच्या हिरडीवर गेली. चार दिवसांपासून तिथं ठणकत होतं. पण दुखलं ते तिथं नाही.

"आणि शेवटचं," काका म्हणाले, "आमच्या चौकात काही शहाणे खिशात मोबाइल ठेवून सडक्या ओंडक्याला पैसे ठोकतात. ओंडका तो ओंडकाच. त्याला ठोकलं काय, न ठोकलं काय, दाताला काडीचाही फरक पडत नाही."

टाळ्या. प्राचार्यांनी तर उठून वाजवल्या. मी मात्र बाकाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले होते, कारण सोडली असती तर मी थेट व्यासपीठावरच गेले असते.

आता तताचं सांगते. तता म्हणजे माझी थोरली बहीण, पलेस्वां. आमच्या बाजनातली सगळ्यात चांगली बासरी तिची. गुंलाचा महिना लागला की सगळी मंडळी रोज पहाटे वाजवत स्वयंभूच्या टेकडीवर जायची, आणि वाटेतल्या खिडक्या तताची बासरी आली की उघडायच्या. ही बहिणीची फुशारकी नव्हे. मी स्वतः त्या उघडताना पाहिल्यात.

दोन वर्षांपूर्वी तिची खालची अक्कलदाढ दुखायला लागली. जायचं कुठं, हा प्रश्नच नव्हता. बांगेमुढ्याच्या चौकात, वैशदेवाच्या बरोबर समोर, पुण्य काकांचा दवाखाना. काचेच्या कपाटात गुलाबी हिरड्यांच्या कवळ्या मांडलेल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला बत्तिशी दाखवणाऱ्या. दात दुखणारा माणूस आधी देवाला पैसा ठोकतो आणि मग समोरचा रस्ता ओलांडून डॉक्टरकडे जातो, अशी आमच्याकडची पद्धत. वैशदेव म्हणजे भिंतीत बसवलेला लाकडाचा ओंडका. लाकूड आता दिसतच नाही. पैशांवर पैसे, खिळ्यांवर खिळे.

मांनी तताच्या हातात नाणं दिलं होतं. तता त्या ओंडक्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "लाकडाला ठोकून दात बरा होत असेल तर सरळ सुताराकडेच जाऊ की!" नाणं परत खिशात. फुलवाली हेरामाया तिथंच बसते. हातोडी तिच्याकडेच असते. तिनं कानांवर हात ठेवले.

दाढ निघाली. इंजेक्शनचा बधिरपणा उतरेल म्हणून आम्ही वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी तता चहा पीत होती आणि चहा तिच्या हनुवटीवरून खाली ओघळत होता. तिला कळतही नव्हतं. मां म्हणाली, "अगं, पूस की!" तता म्हणाली, "काय?" नंतर तिनं बासरी ओठाला लावली. फुंकर होती, सूर नव्हता. ओठ कुठं संपतो आणि बासरी कुठं सुरू होते, हेच तिला समजेना.

आम्ही काकांकडे गेलो. मी तेव्हा लहान होते, पण दारात उभी होते आणि एकेक शब्द ऐकला. काकांनी ओठाला टोचून पाहिलं, हातमोजे काढले, आणि अगदी प्रेमळ आवाजात विचारलं, "आधी वैशदेवाला पैसा ठोकला होतास का?"

ततानं नकारार्थी मान हलवली.

"नाही ना? मग बाळा, मी तरी काय करणार? माझं काम मी केलं. देवाची थट्टा केली की असं होतं."

मांनी तिथल्या तिथं हात जोडले. हेरामायानं तताचं ते वाक्य चौकभर केलं. पुढं किती दिवस, तता रस्त्यातून गेली की बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ततालाही ते पटलं. दर शनिवारी ती जाऊन स्वतःच्या हातानं पैसा ठोकायची. ओठ आला नाही. बासरी कपाटाच्या वर गेली. आजही तता दर दोन वाक्यांनंतर रुमालानं हनुवटी टिपते, ओलं असो वा नसो. मी इंटरनेटवर शोधलं होतं, नसेचं वाचलंही होतं. पण काकांपुढं इंटरनेट मांडणार कोण? बा म्हणाले होते, "गुठीतला माणूस आहे. विषय वाढवू नकोस."

तर असं. एका तोंडानं माझ्या बहिणीला 'न ठोकल्यामुळे' आणि दुसऱ्या तोंडानं शाळेला 'न ठोकलं काय!' आणि ते दुसरं तोंड आता रोजिशाच्या मोबाइलमध्ये होतं.

"मोमो?" रोजिशानं विचारलं.

"मोमो नको. व्हिडिओ दे."

पेमा घाबरली. "तुझे डोळे बघ कसे दिसतायत. काय करणार आहेस?"

"सूड," मी म्हटलं. हा शब्द मोठ्यानं उच्चारायला इतकी मजा येते, हे मला माहीत नव्हतं.

घरी येऊन मी आधी ततालाच दाखवला. तिनं एकदा पाहिला. परत लावायला सांगितला. एक्स-रेचं वाक्य आलं तेव्हा तिनं रुमाल उचलला, पण हनुवटी टिपायची विसरली.

"मग मला देवाचं का सांगितलं?" ती म्हणाली. मला नव्हे, मोबाइलला.

"तेच चौकात विचारणार आहे."

"लुनि, नको. गुठी आहे." रुमालाची घडी घालत म्हणाली, "बांना त्रास होईल." पण व्हिडिओ काढून टाक असं काही ती म्हणाली नाही. मी मुद्दाम वाट पाहिली, अगदी दारापर्यंत जाऊन थांबले. नाहीच म्हणाली. मला तेवढं पुरे होतं.

शनिवारी चौकात गर्दी असते. रोजिशानं तिच्या घरचा स्पीकर आणला, पेमा घाबरत घाबरत का होईना पण आली. मी खिशातून नाणं आणि खिळा काढला.

"हेरामाया अजी, हातोडी द्या."

"दात दुखतोय?" तिनं विचारलं.

"माझा नाही. पुण्य काकांच्या नावानं ठोकायचाय."

"अगं बाई! दुसऱ्याच्या नावानं ठोकतात का कुठं? आणि त्यांचा कुठला दात दुखतोय?"

"दात नाही हो, जीभ. इथं एक बोलते, शाळेत दुसरं बोलते. फार हाल आहेत बिचारीचे."

फळवाला हसला. दोन-चार माणसं थांबली. मी खिळा ठोकला, एकेक घाव असा घातला की समोरच्या काचेतल्या कवळ्या हादरल्या असतील. मग रोजिशानं व्हिडिओ लावला. काकांचा आवाज चौकात घुमला. सडका ओंडका. ठोकलं काय, न ठोकलं काय.

गाल सुजलेला एक माणूस हातात नाणं घेऊन तसाच थांबला. "हे समोरचे डॉक्टर ना?" त्यानं विचारलं.

"तेच."

"मी तर तिकडंच चाललो होतो."

"जा की. पण आधी एक्स-रे काढणार का, ते विचारा. त्यांनीच सांगितलंय, न काढणाऱ्याच्या दारातही उभं राहू नका."

एक म्हातारी चिडली, "देवाच्या समोर बसून कमावतो आणि देवालाच सडका म्हणतो?" पण माझं लक्ष हेरामायाकडं होतं. ती हातातली झेंडूची माळ अर्धी ओवून थांबली होती.

"थांब, थांब," ती म्हणाली. "मग तुझ्या बहिणीचा ओठ? ते तर म्हणाले होते की देव कोपला."

"म्हणाले होते ना? तुम्हीच सगळ्यांना सांगितलंत."

हेरामायाचा चेहरा असा झाला की मला क्षणभर दया येणार होती. आली नाही. तेवढ्यात दवाखान्याचं दार उघडलं आणि काका बाहेर आले, पांढरा कोट, एका हातात मोजा चढवलेला, दुसरा उघडा.

"लुनिभा! काय तमाशा लावलायस? बंद कर ते."

रोजिशानं बंद केलं. घाबरून नव्हे, मी खुणावल्यावर.

"काका, एकच विचारते. तताचा ओठ बधिर झाला तो देवामुळे की हातामुळे?"

"इथं नको. घरी बोलू."

"तताला तर इथंच बोललात. इथूनच सगळीकडं गेलं. देवामुळे झालं असेल तर शाळेत खोटं बोललात. ओंडका नुसता ओंडका असेल तर माझ्या बहिणीशी खोटं बोललात. दोन्हीपैकी कुठलं खरं, तेवढं सांगा. निवडायचं तुम्ही."

काकांनी हातातला मोजा ओढून काढला. भरल्या सभागृहात पटकन उत्तर देणारा माणूस! हेरामाया उठून उभी राहिली. "सांगा की डॉक्टर! दोन वर्षं मी त्या पोरीला नावं ठेवली. माझ्या तोंडून वदवून घेतलंत तुम्ही!"

"संध्याकाळी घरी येतो," काका कुणाकडे न बघता म्हणाले आणि आत गेले. गाल सुजलेला माणूस नाणं ठोकून शेजारच्या गल्लीतल्या दवाखान्याकडं वळला. खरं सांगते, त्याची वळलेली पाठ मला कुठल्याही मिठाईपेक्षा गोड वाटली. मी ओरडायला तोंड उघडू गेले, आणि ते उघडेचना.

जबडा अडकला होता. मागची हिरडी टम्म फुगली होती. काकांच्या भाषणातली अर्धीच वर आलेली, कातड्याखाली अन्न अडकवणारी दाढ माझ्याच तोंडात बसली होती. पेमा म्हणाली, "बघ, दुसऱ्याच्या नावानं ठोकलंस ना!" आणि मग तिचं तिलाच हसू आलं. मला हसताही येत नव्हतं.

संध्याकाळी काका आले. हातात जुजु धौचं, आमच्याकडच्या गोड दह्याचं, मडकं. बांनी चटई अंथरली, मांनी चहा ठेवला, जणू काही लग्नाची बोलणी आहेत. मी कोपऱ्यात कोमट मिठाचं पाणी तोंडात धरून बसले होते. त्यामुळे मला गप्प बसणं भाग होतं. काकांना ते बरं वाटलं असावं.

"पोरगी लहान आहे," काका बांना म्हणाले. "माझ्या मनात काही नाही. पुढच्या शनिवारी चौकात एवढंच म्हण म्हणावं, की गंमत केली होती. विषय संपला. आणि तिची दाढ मी काढून देतो, घरचीच पोर आहे."

बा मान हलवत होते. मां माझ्या गालाकडे बघत म्हणाली, "बरंच झालं की. उद्याच काढून टाकू."

मी पाणी गिळूनच टाकलं. पण बोलायच्या आधी आतल्या खोलीतून तता आली. काकांच्या समोर बसली.

"काका, माझा एक्स-रे काढला होतात?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "मशीन बिघडलं होतं तेव्हा."

"मला सांगितलं होतंत का, की बिघडलंय?"

"तुला दुखत होतं. तूच म्हणालीस, लवकर काढा."

"म्हणाले होते. नस तिथून जाते, हे मला माहीत नव्हतं. तुम्हाला होतं."

"पलेस्वां, असं कधीतरी होतं. एक्स-रे काढूनही होतं. कुणाच्याही हातून होऊ शकतं."

"मग तेच सांगायचं होतंत ना मला. देव कशाला मध्ये आणलात?"

काका मडक्यावरच्या कागदाशी चाळा करू लागले. मग एकदम चिडून म्हणाले, "काय सांगायला हवं होतं? माझं चुकलं म्हणून? चौकात ओळीनं दवाखाने आहेत. एक पेशंट तसं म्हणाला की दहा जण शेजारी जातात. तू रडत होतीस, तुझी आई हात जोडत होती. तुम्हाला काहीतरी उत्तर हवं होतं. मी दिलं. तुम्ही घेतलंत!"

मांचे हात मांडीवर होते, ते तिनं पदराखाली घेतले. तता रुमाल न उचलता काकांकडे बघत होती.

"मी दोन वर्षं त्या ओंडक्याची माफी मागितली," ती म्हणाली. "बासरी लावायचा प्रयत्नच सोडला. वाटलं, मला शिक्षा झालीय, ती भोगायचीय."

काका उठले. दारात चपला घालताना बांना म्हणाले, "पोरींना आवर. शनिवारपर्यंत. नाहीतर मला गुठीत बोलावं लागेल." आणि गेले. मडकं राहिलं. त्याला कुणी हात लावला नाही.

मला वाटलं होतं, त्यांच्या तोंडून खरं निघालं की माझं पोट भरेल. कुठलं! उलट भूक आणखी वाढली. खोटं बोलले चौकात, खरं बोलले चार भिंतींत. चौकात मान खाली घातली ततानं, आणि हे माफीचा शब्दसुद्धा न उच्चारता चपला घालून चालते झाले, वर धमकी देऊन!

बा भिंतीला टेकून बसले होते. "काय करायचं सांगा," ते म्हणाले. "आजोबा गेले तेव्हा पुढचा खांदा पुण्यानंच दिला होता. गुठीनं टाकलं, तर उद्या मी गेल्यावर या घरात कोण येईल?"

म्हणजे ही होती भीती. जिच्यापायी दोन वर्षं तताला सगळं गिळावं लागलं, ती.

मी उठले. जबडा एक बोटभरच उघडत होता, त्यामुळे एकेक शब्द चेपून बाहेर काढावा लागत होता. तता हसली. पुष्कळ दिवसांनी हसली, आणि माझा आवेश आणखी वाढला.

"बा, मां, नीट ऐका, मला परत बोलता येणार नाही. माझी दाढ काकांकडे काढायची नाही. सोमवारी मोठ्या हॉस्पिटलात जाणार. आधी एक्स-रे, आणि नस कुठं आहे ते डॉक्टरांनी मला आणि तताला दाखवायचं. तताचा ओठही त्यांनाच दाखवायचा. आणि शनिवारी मी वैशदेवापुढं उभी राहणार, काकांनी बोलावलंय तशीच. पण गंमत केली होती असं म्हणणार नाही. ते आज इथं जे बोलले, ते त्यांनी तिथं हेरामायासमोर, ततासमोर बोलायचं. ते नाही बोलले तर मी बोलणार, आणि गुंलाच्या पहिल्या पहाटे धा घेऊन त्यांच्या दारात थांबून परत बोलणार, मग गुठी राहो नाहीतर जावो. राहता राहिला खांदा. एवढा धा पोटावर घेऊन मी स्वयंभूचा चढ चढते, बा. वेळ आली तर तुम्हाला खांदा मी देईन, आणि दुसऱ्या बाजूला तता असेल. पण तुम्हाला एवढ्यात जायचं नाहीये, शनिवारी आमच्याबरोबर चौकात यायचंय."